खोल्या मोजू नका, खोली मोजा

सोमेश्वरनगर परिसरात कुणी राहतं घर विकायला काढलं की पहिला सल्ला फुकट मिळतो: "आधी भिंती घाला. दोनाच्या चार खोल्या करा, भाव चढेल." एजंट हे सांगतो, गवंडी दुजोरा देतो (त्याला काम मिळणार असतं) आणि भावकी मान डोलावते. गिऱ्हाईक खोल्या मोजतं, टू बीएचकेला एक भाव आणि थ्री बीएचकेला दुसरा, असं त्यामागचं गणित. कुटुंबानं राहण्यासाठी घ्यायच्या घराला हे गणित लावणं तोट्याचं आहे, असं माझं मत आहे.

पूर्वपक्षात तथ्य नाही असं नाही. मु. सा. काकडे महाविद्यालयाची मुलं किंवा सोमेश्वर कारखान्यावरचे एकटे कामगार भाडेकरू म्हणून ठेवायचे असतील, तर स्वतंत्र दाराच्या छोट्या खोल्या कामाच्या. पण तो भाड्याचा धंदा झाला. तसं घर घेणारा भाडं किती येतं ते बघतो, माजघर बघत नाही.

आता त्या भिंतींचा हिशेब करू. समजा, चोवीस बाय बाराचं माजघर आहे. साडेचार इंची दोन भिंती घालून तीन खोल्या पाडल्या, तर प्रत्येकीची रुंदी उरते पावणेआठ फूट. तिन्ही खोल्यांना स्वतंत्र वाट हवी म्हणून तीन फुटांचा बोळ काढला, की बहात्तर चौरस फूट बोळातच गेले. बोळाची भिंत वजा जाता प्रत्येक खोली साधारण सहासष्ट चौरस फुटांची होते. तीत सहा बाय साडेसहाचा पलंग टाकला तर बाजूला पावणेदोन फूट आणि पायथ्याशी जेमतेम दोन फूट जागा. दोन फूट खोलीचं कपाट ठेवायचं कुठे आणि त्याचं दार उघडायचं कसं? माजघराला मुळातच खिडक्या कमी, त्यामुळे एखादी खोली दिवसाही दिवा मागणार.

राष्ट्रीय इमारत संहिता राहण्याच्या खोलीसाठी किमान 9.5 चौरस मीटर क्षेत्र आणि 2.4 मीटर रुंदी मागते. खोल्या दोन असतील तर दुसरी 7.5 चौरस मीटरची चालते. आपल्या या खोल्या सहा चौरस मीटरच्या आसपास भरतात. एवढंच काय, ज्या 'दहा बाय दहा'चा आपल्याकडे एवढा बोलबाला आहे, तीही 9.29 चौरस मीटरच होते.

"पण कागदावर तरी किंमत वाढेल ना?" नाही वाढणार. मुद्रांक शुल्कासाठी रेडीरेकनरनं मूल्य काढताना जमीन, बांधकामाचं क्षेत्र, त्याचा प्रकार आणि वय धरतात. खोल्यांची संख्या नव्हे. नव्या प्रकल्पांना लागू असलेल्या 2016 च्या रेरा कायद्यातही चटई क्षेत्रात आतल्या भिंतींखालची जागा धरलेलीच असते. म्हणजे भिंती घातल्यानं कागदावरचा आकडा हलत नाही, पाय ठेवायची जागा मात्र घटते.

शिवाय इथे घर घेणारा कोण, हेही बघा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा, मुलांच्या शाळेसाठी वस्तीवरून रस्त्याकडेला येऊ पाहणारा शेतकरी, सोमेश्वर कारखान्यातला कामगार, शिक्षक. यांच्या घरी आई-वडील असतात, वर्षाची ज्वारी-गहू असतो आणि करंज्याच्या सोमेश्वराच्या श्रावणी यात्रेला पाहुणे उतरतात. त्यांना दहा माणसं पंगतीला बसतील अशी एक जागा लागते. ती तुम्ही तोडून ठेवलीत, तर ते भिंती पाडायचा खर्च भावातून वजा करूनच बोलतील.

म्हणून मोठा हॉल असला की घर हातोहात खपतं, हेही मला मान्य नाही. पंधरा बाय वीसचा हॉल आणि मागे पाच फुटी स्वयंपाकघर, असली घरं गावोगाव दिसतात. बांधणाऱ्यानं पाहुण्यांचा विचार केला, रांधणारीचा केला नाही. घर बघायला आलेली बाई ओट्यापाशी उभी राहते, मागून दुसरं माणूस जाऊ शकतं का ते बघते आणि व्यवहार तिथेच अडतो. संहितेनंही स्वयंपाकघराला किमान 1.8 मीटर, म्हणजे सहा फूट रुंदी सांगितली आहे. धान्याची कोठी आत ठेवायची तर तेवढीही पुरत नाही.

मग भिंत घालूच नये का? त्याच माजघरात मधोमध एकच भिंत घातली, तर सुमारे एकशे चाळीस चौरस फुटांच्या दोन खोल्या होतात. दोहोंना आपापलं दार आणि खिडकी मिळत असेल तर ती भिंत खुशाल घाला. पलंग, कपाट आणि मुलाचं टेबल मावणाऱ्या दोन खोल्यांना चांगला भाव मागता येतो. दुसरी भिंत मात्र नको.

तेव्हा विकणाऱ्यांनो, आधी टेप घ्या. प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी, दार-खिडकीची जागा कागदावर लिहा आणि तो कागद येणाऱ्याच्या हातात द्या. एखादी खोली आठ फुटांहून अरुंद निघाली आणि तिची भिंत वरचं वजन पेलणारी नसेल, तर गवंड्याला जरूर बोलवा. ती भिंत पाडायला.