सिंघमला जरा थापटणं मारून बघा

पहाटे तेरच्या रस्त्यावर अंधारात धावणारी पोरंपोरी तुम्ही रोज बघता. त्यात तुम्ही स्वतःही असाल. पोलीस भरतीच्या मैदानीला ५० गुण, लेखीला १००. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, शिवाय गोळाफेक. आणि यातल्या कितीतरी जणांच्या डोक्यात खाकीचं पहिलं चित्र उमटलं ते ‘सिंघम’नं.

सिनेमा २०११चा, मूळ तमिळ ‘सिंगम’वरून केलेला. अजय देवगण फार काही करत नाही, नुसता रोखून बघतो, आणि तेवढ्यावर काम भागतं. खरी मजा आणतो प्रकाश राजचा जयकांत शिक्रे. दरारा आणि पोरकटपणा एकाच माणसात! अशोक सराफांचा हवालदारही आठवून बघा. सगळं भारी आहे राव, शिट्ट्या पडणारच. पण शेवटी काय होतं? अख्खं पोलीस दल एक होतं आणि जयकांतला गोळी. ना खटला, ना कोर्ट.

गोरोबाकाका आपल्याच गावचे. थापटण्यानं संतांची डोकी वाजवून त्यांनी नामदेवांनाही कच्चं ठरवलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मग बाजीराव सिंघमला का सोडायचं?

त्याच्या शेजारी ‘अर्धसत्य’मधला अनंत वेलणकर ठेवा. सिनेमा १९८३चा. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. हाही फौजदार चिडतो, मारतो. पण त्याच्या मारानं कोठडीत एक भुरटा चोर मरतो, आणि नोकरी वाचवायला त्याला रामा शेट्टीच्याच दारात जावं लागतं. सदाशिव अमरापूरकर आवाज न चढवता असा काही बसतो, की आपल्यालाच घाम फुटतो. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा राग बघून टाळी वाजत नाही, भीती वाटते.

फरक पडद्यापुरता असता तर चाललं असतं. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्याही ग्रुपवर ‘सिंघम’ म्हणून मेसेज फिरले असतील. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या न्या. विकास सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२मध्ये उघड झाला. पोलिसांनी मारण्याच्या इराद्यानंच गोळ्या झाडल्या आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते, असं त्यात म्हटलंय. तो अहवाल मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

भरती झालात की काठी तुमच्या हातात येईल. समोर जयकांत शिक्रे क्वचितच असेल. बहुतेकदा एखादा किरकोळ चोर असेल, वेलणकरच्या हाती लागला होता तसा.

या रविवारी ‘अर्धसत्य’ बघा. वेलणकर शेवटी स्वतःहून ठाण्यात जातो, तिथं ओम पुरींचा चेहरा नीट बघा. शिट्टी वाजवावीशी वाटली का, तेवढं आम्हाला कळवा.