कॅमेरे लागले, चित्रण ठेवायचे कुठे?

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात दिलेला आदेश बहुतेकांच्या लक्षात राहिला तो कॅमेऱ्यांमुळे. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत सीसीटीव्ही हवा, रात्रीही दिसले पाहिजे, आवाजही नोंदला गेला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. पण आदेशाचा जड भाग पुढे आहे. हे चित्रण 18 महिने जपून ठेवायचे. तेवढी क्षमता बाजारात मिळत नसेल तर मिळेल तितकी जास्त घ्यायची, पण एक वर्षाच्या खाली यायचे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून न्यायालयाला याच विषयाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावातल्या ठाण्याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. कॅमेरे 16 धरू. फुल एचडी कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला चार मेगाबिट दराने आले, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43 गिगाबाइट होतात. सोळांचे झाले जवळपास 700. दीड वर्षाचे धरले तर आकडा 375 टेराबाइटच्या आसपास जातो. नव्या कॉम्प्रेशनने तो निम्म्यावर आणला तरी 20 टेराबाइटच्या दहा-बारा डिस्क लागतात, आणि एखादी डिस्क बिघडली तरी चित्रण शाबूत राहावे म्हणून वर आणखी काही. ठाण्यात कोपऱ्यात ठेवलेला रेकॉर्डर भरला की सगळ्यात जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो. कोणी मुद्दाम काही करायला नको. पुरावा आपोआप जातो.

हे ओझे एकट्या पोलिसांचे नाही. ग्रामीण रुग्णालयातला डिजिटल एक्स-रे काही मेगाबाइटचा असतो, सीटी स्कॅन शेकडो मेगाबाइटचा. याच तालुक्यात तळेगाव-अक्राळेच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने येत आहेत. मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीचा मोठा प्रकल्प उभा आहे; त्यांनाही माहिती साठवावी लागते. युरोपने कीटकनाशकांच्या अंशांवरून द्राक्षे अडवल्यानंतर अपेडा या कृषी निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही नोंदणी प्रणाली आणली, तेव्हापासून निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद, तपासणी आणि प्रयोगशाळेचा अहवाल संगणकावर ठेवावा लागतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. द्राक्षप्लॉटची नोंद, सातबारा, सोसायटीचे खाते ही अक्षरांची आणि आकड्यांची माहिती असते, आणि तिला जागा फारच थोडी लागते. साठवणुकीचे खरे ओझे चित्रांचे, आणि त्यातही हलत्या चित्रांचे आहे. खरेदीचे प्रस्ताव करणारे अनेकदा दोन्ही एकाच तराजूत टाकतात आणि तिथूनच पैसा वाहायला लागतो.

एका ठाण्यापुरता रेकॉर्डर चालून जातो. पण उपविभागातली ठाणी, तहसील, रुग्णालय यांची माहिती एका ठिकाणी सांभाळायची म्हटली की स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे सॅन, लागते. त्याची रचना समजायला अवघड नाही. डिस्क सर्व्हरच्या पोटात न ठेवता वेगळ्या कपाटात ठेवायच्या आणि मधे एक वेगवान स्विच बसवायचा. सर्व्हरला ती डिस्क स्वतःचीच वाटते. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा त्याच डिस्क उचलून काम पुढे नेतो. जागा संपली तर कपाटात डिस्कचा आणखी एक खण वाढवायचा. पोलिसांची माहिती रुग्णालयाला दिसू नये, यासाठी स्विचवरच विभाग पाडता येतात.

अडते ते स्विचपाशी. डिस्क वाढवता येतात, सर्व्हरही वाढवता येतात. पण 16 पोर्टच्या स्विचमध्ये सतरावी तार घुसत नाही. मग दोनच रस्ते दिसतात. एक, सुरुवातीलाच शंभर-दोनशे पोर्टचे अवजड यंत्र घेऊन ठेवायचे, ज्याला या धंद्यात डायरेक्टर म्हणतात. दुसरा, लहान स्विच टाकून मोठा आणायचा. सरकारी खात्यांना पहिला रस्ता जास्त सोयीचा वाटतो, कारण निधी मार्चअखेर संपवायचा असतो आणि पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नसते. अशा यंत्राचे निम्मे पोर्ट वर्षानुवर्षे रिकामे राहतात. वीज आणि वार्षिक देखभाल करार मात्र पूर्ण यंत्राचा भरावा लागतो. दुसऱ्या रस्त्यात चालू यंत्र भंगारात जाते. दोन्हीकडे पैसा वाया जातो.

तिसरा रस्ता आहे, आणि तो वीस वर्षांहून जुना आहे. साधे स्विच एकमेकांना जोडले तर काय होते, ते आधी पाहू. 16 पोर्टचे चार स्विच घेतले आणि प्रत्येकाला बाकीच्या तिघांशी दोन-दोन तारांनी जोडले, तर प्रत्येकाचे सहा पोर्ट जोडणीतच जातात. विकत घेतले 64, वापरायला उरले 40. शिवाय या जोडतारांचा वेग सर्व्हरच्या तारेइतकाच, त्यामुळे तिथे कोंडी होणार ती होणारच. 2003-04 च्या सुमारास क्यूलॉजिक कंपनीने सॅनबॉक्स 5200 नावाचा स्विच आणला, त्यात याचे उत्तर होते. सर्व्हर आणि डिस्कसाठी दोन गिगाबिटचे 16 पोर्ट, आणि त्यांच्याशिवाय दहा गिगाबिटचे चार पोर्ट, फक्त एका स्विचला दुसरा जोडण्यासाठी. दोन गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला सुमारे 200 मेगाबाइट जातात, दहाच्या तारेतून सुमारे 1200. म्हणजे एकच जोडतार सहा सर्व्हरचा भार पेलते. चार स्विच एकावर एक रचले, म्हणजे त्यांचा स्टॅक केला, तर 64 पोर्ट मिळतात, 64 च्या 64 कामाचे. पहिल्या दिवशी आठच पोर्ट उघडून घ्यायचे आणि गरजेप्रमाणे बाकीचे चार-चार करून, हीही सोय त्यात होती. आज फायबर चॅनेलचा, म्हणजे अशा स्विचमधल्या खास साठवणुकीच्या जोडणीचा, वेग 32 आणि 64 गिगाबिटवर गेला आहे, तत्त्व मात्र तेच राहिले.

असे टप्प्याटप्प्याने वाढवणे दिंडोरी तालुक्याला नवे नाही. कोळवण नदीवरच्या वाघाड धरणाच्या कालव्यावर 1991 च्या सुमारास शेवटच्या टोकाला, ओझर परिसरात, पाणीवापर संस्थांची सुरुवात झाली ती तीनच संस्थांपासून: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने हे काम उभे केले. पहिल्या तिघींचे पाणी नीट चालले, मग वरच्या भागातल्या संस्था येत गेल्या, त्यांची संख्या चोवीस झाली आणि प्रकल्प पातळीवरचा महासंघ उभा राहिला. नवी संस्था आली म्हणून जुनी मोडावी लागली नाही. आणि चोवीस संस्था एकत्र चालल्या, कारण त्यांना जोडणारा महासंघ भक्कम होता. स्टॅक होणाऱ्या स्विचमध्येही पैसा मोजायचा तो या जोडणीसाठी.

इथे एक धोका आहे आणि विक्रेते तो आपणहून सांगत नाहीत. इथरनेटचे, म्हणजे कार्यालयातल्या साध्या नेटवर्कचे, अनेक स्विच एका स्टॅकमध्ये जोडले की ते सगळे मिळून एकच मेंदू वापरतात. चालवायला हे सोपे पडते, पण सॉफ्टवेअर बदलताना सगळा स्टॅक एकदम बंद होऊ शकतो. साठवणुकीच्या नेटवर्कमध्ये हे चालत नाही, कारण डिस्क थोडा वेळ जरी गायब झाली तरी सर्व्हर कोलमडू शकतो आणि डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून जाणते अभियंते प्रत्येक सर्व्हरपासून दोन तारा काढतात आणि त्या दोन स्वतंत्र स्टॅकमध्ये नेतात. एक बाजू पूर्ण बंद झाली तरी दुसरीवर काम चालते. स्वस्तात करायचे म्हणून दोन्ही तारा एकाच स्टॅकमध्ये घालणे ही काटकसर नव्हे, ती आफत ओढवून घेणे आहे. त्यापेक्षा दोन लहान स्विच वेगवेगळे ठेवलेले बरे.

दुसरा प्रश्न फायबर चॅनेल की इथरनेट हा. तालुका पातळीवर उत्तर बहुतेक वेळा इथरनेटच असावे. आयस्कझी या पद्धतीने साध्या इथरनेटवरूनच डिस्क जोडता येते; तिचे पहिले मानक 2004 चे आहे, म्हणजे ती आता चांगली मुरली आहे. दहा किंवा पंचवीस गिगाबिटचे इथरनेट स्विच सर्रास मिळतात, आणि ते हाताळू शकणारा मुलगा नाशिकमध्ये सापडतो. फायबर चॅनेलचा जाणकार शोधायला पुणे-मुंबई गाठावी लागते. मोठ्या बँकेला किंवा मोठ्या रुग्णालयाला फायबर चॅनेल हवे असेल, तर जरूर घ्यावे. सीसीटीव्हीच्या चित्रणासाठी त्याची गरज नाही.

रॅकचे दार उघडून आत पाहिले तर पैसा कुठे जातो ते समजते. वर स्विच, खाली सर्व्हर, त्याखाली डिस्कचे खण. दोन-तीन मीटरच्या या अंतरासाठीही कंत्राटदार प्रकाशतारा टाकतो, आणि मग प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना बोटाएवढे एकेक ऑप्टिकल मॉड्यूल लागते. एका रॅकच्या आत तांब्याची तयार केबल पुरते. तिची दोन्ही टोके कारखान्यातूनच जोडून येतात, वेगळे मॉड्यूल लागत नाही, आणि वीजही कमी जाते. पण कोटेशनमध्ये मॉड्यूलची ओळ तळाशी असते आणि खरेदी समिती वरची ओळ वाचून सही करते. त्याच रॅकच्या मागे केबलच्या भोकातून उंदीर शिरतात, आणि उन्हाळ्यात एसी बंद पडला तर सगळ्या पंख्यांचा आवाज वाढतो. तालुक्याच्या इमारतीत भोक बुजवणे आणि एसीला जोड एसी ठेवणे याचे मोल नव्या स्विचपेक्षा कमी नाही.

हे सगळे क्लाउडवर का ठेवू नये, असा प्रश्न कोणीही विचारेल आणि तो रास्त आहे. केंद्राने जून 2022 मध्ये 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तशी आकड्यांची माहिती दूरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवणेच शहाणपणाचे, प्रत्येक सोसायटीने स्वतःचा सर्व्हर सांभाळत बसू नये. चित्रणाचा हिशेब वेगळा. 16 कॅमेऱ्यांचे चित्रण वर पाठवायला रात्रंदिवस 64 मेगाबिटचा अखंड प्रवाह लागतो. रस्त्याचे काम निघाले, फायबर तुटली, की तेवढ्या तासांचे चित्रण अडले. ते आधी जवळ साठवावे आणि महत्त्वाचे तेवढेच वर पाठवावे, हे जास्त भरवशाचे.

नाशिकमध्ये 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा आता दाराशी आला आहे. कॅमेरे लागतील आणि नाशिक-त्र्यंबकपुरते राहणार नाहीत. सप्तशृंगगडाकडे जाणारा दिंडोरी-वणीचा रस्ताही त्यात येईल, यायलाच हवा. मेळा संपेल, कॅमेरे राहतील, चित्रण साठतच जाईल. डिस्कची क्षमता मात्र दरवर्षी वाढते आहे: वीस वर्षांपूर्वी काहीशे गिगाबाइटची डिस्क मोठी समजली जाई, आज एकच डिस्क 30 टेराबाइटची मिळते. पाच वर्षांनी लागणारी जागा आज विकत घेणे म्हणजे उद्या स्वस्त होणारी वस्तू आजच्या भावाने घेणे. जिल्हा प्रशासनाने निविदा अशी काढावी की पहिल्या दिवशी गरजेपुरते स्विच आणि डिस्क येतील, आणि पुढच्या पाच वर्षांत लागणारे वाढीव स्विच, बंद पोर्ट उघडण्याचा परवाना आणि जोडकेबल यांचे दर त्याच करारात बांधून घेतले जातील. परवान्याचा दर आधी ठरला नाही तर नंतर विक्रेता म्हणेल तो भाव. एका कंपनीचे स्टॅक पोर्ट सहसा दुसऱ्या कंपनीशी बोलत नाहीत, म्हणून ते मॉडेल किती वर्षे विकले जाईल आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हेही लेखी घ्यावे. क्यूलॉजिकच 2016 मध्ये कॅव्हियमकडे आणि कॅव्हियम 2018 मध्ये मार्व्हेलकडे गेली. तिच्या जुन्या स्विचचा जोडीदार आज फक्त सेकंडहँड बाजारात शोधावा लागतो.

आणि पैसे देण्याआधी एक चाचणी सक्तीची असावी. चित्रण चालू असताना विक्रेत्याने दुसरा स्विच जोडून दाखवावा, मग पहिल्याची वीज काढावी, आणि त्या पाच मिनिटांचे चित्रण समितीसमोर पुन्हा लावून दाखवावे. एक सेकंदही गहाळ निघाला तर बिल थांबवावे.