पेटी नको, डझन द्या

किराणा दुकानदाराला खरेदी कळत नाही, असं सांगणारे सल्लागार हल्ली पैशाला पासरी झालेत. सेल्समनची वाट पाहायची, डझनभर साबण नि थोडी बिस्किटं उधारीवर उतरवून घ्यायची, ही म्हणे जुनाट रीत. ॲपवर नाहीतर घाऊक मॉलमध्ये पेटीमागे दोन टक्के जास्त सुटतात. रोख मोजा, भरपूर माल भरा.

ॲपवर दर उघड दिसतो, हे खरं. स्कीमच्या नावाखाली सेल्समन न खपणारा माल गळ्यात मारतो, हेही खरं. गणित मात्र कच्चं आहे. लाखाच्या मालावर दहा टक्के सुटतात आणि माल महिन्यात फिरतो असं धरा: दोन महिन्यांत वीस हजार. तोच लाख दोन महिने पुरणाऱ्या पेट्यांत घातला, तर सवलत धरूनही बारा हजार. वर तेवढ्या पैशात मालाचे निम्मेच प्रकार आल्याने निम्म्या फळ्या रिकाम्या. इथे भरपूर माल भरणाऱ्या डी-मार्टचा दाखला हटकून येतो. पण तिथे माल गर्दीमुळे झटपट फिरतो; ती गर्दी गल्लीतल्या दुकानाने आणायची कुठून?

सप्टेंबर 2025 आठवा. 15 ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, 3 सप्टेंबरला दर ठरले, 22 पासून लागू झाले. अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर. मधल्या दिवसांत गिऱ्हाईक म्हणणार, ‘शेठ, लहान ट्यूबच द्या, मोठी बावीसनंतर नेतो.’ ज्याने शॅम्पूच्या पेट्या रचल्या, त्याचा पैसा अडकला. तो जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही नाही. डझनावारी घेणारा सेल्समनला ‘या खेपेला नको’ म्हणून मोकळा झाला. उरल्यासुरल्या मालाच्या दरातल्या फरकासाठी भांडायला त्याच्यासमोर निदान माणूस होता. ॲपशी काय डोंबल भांडणार?

राहिला दर. ॲपवरच्या स्वस्ताईत तंत्राची हुशारी फार तर थोडी; मूळ दुसरीकडे आहे. कंपन्या बड्या घाऊक खरेदीदारांना वेगळा दर देतात, ही वितरकांची जुनी तक्रार आहे. त्यावरूनच 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा रोखला होता. सल्ला द्यायचाच तर सारखा दर लावण्याचा द्या, तोही कंपन्यांना. दुकानदार दिवाळीआधी रवा, मैदा पोत्यांनी आणि तेल डब्यांनी भरतोच. खपाची खात्री असते तिथे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.