दहा मिनिटं गप्प बसता येईल?

रिझल्टचा दिवस कसाबसा निघून जातो. मित्रांचे मेसेज, नातेवाइकांचे फोन, घरच्यांचे चेहरे. खरी परीक्षा रात्री सुरू होते. लाइट बंद झाला की डोक्यातला आवाज चालू होतो. आता काय? फी कुठून भरायची? सगळे पुढे गेले, मी एकटीच राहिले का? मग हात आपोआप मोबाइलकडे जातो. एक रील, दुसरं रील, बघता बघता दीड वाजतो. आतला आवाज बंद झालेला नसतोच. आपण फक्त त्याच्यावर दुसरा मोठा आवाज चढवलेला असतो.

मी या रात्री काढल्यात, म्हणून सांगतेय. इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला एम-थ्रीला दोनदा केटी लागली आणि त्याच वर्षी बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आमचं घर वसईतलं, ख्रिस्ती. आजी रोज संध्याकाळी चर्चला जायची. तिला सोबत म्हणून मी जायला लागले. भक्ती वगैरे काही नव्हती, घरातून बाहेर पडायला निमित्त हवं होतं. मिस्सा संपली की लोक निघून जायचे. आजी मात्र तशीच बसून राहायची. रोझरी हातात, ओठ मिटलेले. एकदा न राहवून विचारलं, "एवढं काय मागतेस गं?" म्हणाली, "मागून झालं. आता नुसती बसलेय."

या 'नुसतं बसण्या'बद्दलच आज तुमच्याशी बोलायचंय. आपण समजतो, प्रश्न सुटला की मन शांत होईल. पास झालो की, जॉब लागला की, घरचं सावरलं की. माझं मत उलटं आहे. शांतता आधी लागते. प्रश्न समोर उभा असतानाच ती मिळवावी लागते, तरच त्याच्याशी दोन हात करता येतात.

पुढे कधीतरी फ्रान्समधल्या तेझे नावाच्या खेड्याबद्दल वाचलं आणि आजीचं ते बसणं पुन्हा आठवलं. १९४० चा ऑगस्ट. दुसरं महायुद्ध पेटलेलं, दोन महिन्यांपूर्वीच फ्रान्सनं जर्मनीपुढे गुडघे टेकलेले. अशा वेळी रॉजर शुट्झ नावाचा स्वित्झर्लंडचा एक तरुण तिथे आला. वय २५. म्हणजे तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं तेझेमध्ये एक घर घेतलं आणि जीव मुठीत धरून पळालेल्या लोकांना तिथे आसरा द्यायला सुरुवात केली. त्यात ज्यू निर्वासितही होते. पकडलं गेलं तर काय होईल, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. खायला पुरेसं नव्हतं, पाणी गावच्या विहिरीवरून आणावं लागायचं. त्यातही हा माणूस रोज प्रार्थनेसाठी वेळ काढायचा. आणि तीही कशी? आसऱ्याला आलेल्यांत ज्यू होते, देव न मानणारेही होते. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो एकटाच प्रार्थना करायचा. गायचं असलं की घरापासून लांब, रानात जायचा.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. श्रद्धा त्याची होती, तिचा भार मात्र त्यानं कुणावर टाकला नाही. आसरा द्यायचं बळ तो तिथून घेत होता, एवढंच.

१९४२ मध्ये सुगावा लागला आणि त्याला तिथून निघावं लागलं. १९४४ मध्ये तो परतला, सोबत काही साथीदार घेऊन. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांना ही मंडळी रविवारी घरी बोलवू लागली. कालच्या शत्रूंना! हळूहळू तिथे ब्रदरांचा एक संघ उभा राहिला. त्यात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत. आज उन्हाळ्यात दर आठवड्याला जगभरातून हजारो तरुण तिथे येतात. तंबूत किंवा साध्या बराकीत राहतात, भांडी घासतात, संडासही साफ करतात. दिवसातून तीनदा घंटा वाजते आणि सगळे प्रार्थनेला जमतात. एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा गातात. आपल्याकडे भजनात एखादी ओळ घोळवत राहतात ना, तसंच काहीसं. मग गाणं थांबतं आणि आठ-दहा मिनिटं कुणीच काही बोलत नाही. व्याख्यान नाही, मोटिव्हेशनल स्पीच नाही. मांडी घालून जमिनीवर बसलेली हजारो विशी-पंचविशीतली पोरं, आणि पूर्ण शांतता.

तुम्ही म्हणाल, हे पळ काढणं नाही का? बाहेर आग लागलेली आणि आपण डोळे मिटून बसायचं? रास्त प्रश्न आहे. याचं उत्तर मला बायबलमधल्या एका रात्रीत सापडतं. येशूला पकडलं त्या रात्री तो गेथशेमाने नावाच्या बागेत होता. तो व्याकूळ झाला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. हे दुःख टळू दे, असं त्यानं देवाजवळ मागितलं. सोबतचे शिष्य चक्क झोपून गेले. म्हणजे ऐन वेळी मित्र ऑफलाइन! आणि दुःख टळलं का? नाही. क्रूस होताच. पण त्या बागेतून तो उठला तो पळण्यासाठी नाही. पकडायला आलेल्यांच्या समोर तो स्वतःहून गेला. ख्रिस्ती श्रद्धेतल्या शांतीचा अर्थ मला इथे कळतो. संकट येणार नाही, अशी गॅरंटी ती देत नाही. संकटात तू एकटा नाहीस, एवढाच शब्द देते. आणि पाय रोवून उभं राहायला तेवढा पुरतो.

तेझेलाही संकट चुकलं नाही. १६ ऑगस्ट २००५ च्या संध्याकाळी, भर प्रार्थनेत, ९० वर्षांच्या ब्रदर रॉजर यांच्यावर मानसिक आजार असलेल्या एका बाईनं चाकूनं हल्ला केला. त्यात ते गेले. त्यांच्या अंत्यविधीत त्यांच्या जागी आलेल्या ब्रदर अलोईस यांनी त्या बाईसाठी क्षमेची प्रार्थना केली. असं मन एका दिवसात तयार होत नाही. रोजची ती आठ-दहा मिनिटं, वर्षानुवर्षं साठत गेलेली असतात.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही ख्रिस्ती नसाल, देव मानत नसाल, तरी हरकत नाही. देऊळ, दर्गा, विहार, कॉलेजच्या लायब्ररीचा कोपरा, होस्टेलची गच्ची, काहीही चालेल. फोन खोलीत ठेवून जा. दहा मिनिटं बसा. पहिले काही दिवस डोक्यात नुसता गोंधळ असेल, माझ्याही होता. भीती वाटली तर वाटू द्या, रडू आलं तर येऊ द्या. मागायचं ते मागून घ्या आणि मग नुसतं बसा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. शांत बसणं हे औषध नाही. झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर एकटे बसू नका. घरच्यांशी, सरांशी, कौन्सेलरशी बोला. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे फोन करा. मदत मागण्यानं श्रद्धा कमी होत नाही. येशूनंही त्या रात्री शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलंच होतं.

माझं पुढे काय झालं? एम-थ्री तिसऱ्या अटेम्प्टला सुटला, आणि तो अभ्यासानं सुटला, चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाबांचं डायलिसिस अजून चालू आहे, आठवड्यातून दोनदा. आजी आता नाही. पण बाबांना मशीन लावलं की बाहेरच्या बाकड्यावर मी फोन पर्समध्ये टाकते आणि थोडा वेळ बसते.

मागून झालेलं असतं. नुसती बसते. मग उठून बाबांसाठी चहा आणायला जाते.