विश्लेषण : पडून राहिलेल्या स्पेक्ट्रमचा हिशेब कोण ठेवणार?

मोबाइलला रेंज नसली की दोष टॉवरला दिला जातो. पण टॉवर किती, कुठे आणि कधी उभे राहतील, हे बऱ्याच अंशी दिल्लीत ठरणाऱ्या एका किमतीवर अवलंबून असते. ही किंमत स्पेक्ट्रमची, म्हणजे मोबाइलचे संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांची. भारतात या किमतीची चर्चा भरपूर होते, वेळापत्रकाची मात्र जवळपास होत नाही. खरे नुकसान तिथेच होते.

सगळे पट्टे सारखे का नसतात?

कमी फ्रिक्वेन्सीची लहर दूरवर जाते, भिंतीही बऱ्यापैकी भेदते. जास्त फ्रिक्वेन्सीची लहर कमी अंतर कापते, पण तिथे रुंद पट्टे मिळत असल्याने डेटा भरपूर वाहता येतो. म्हणून गजबजलेल्या शहरात ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा कामाचा, तर मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या विरळ वस्तीच्या, डोंगर-जंगलाच्या भागात ७०० मेगाहर्ट्झचा. त्यावर कमी टॉवरमध्ये जास्त गावे येतात.

७०० मेगाहर्ट्झचे काय झाले?

हा पट्टा २०१६ मध्ये प्रथम लिलावात आला. देशभरासाठी राखीव किंमत होती प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये. ही किंमत १८०० मेगाहर्ट्झच्या दराच्या चौपट धरून काढली होती. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आली, तरी ग्राहक नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर उतरली, तेव्हा जिओने सर्व २२ परिमंडळांत प्रत्येकी १० मेगाहर्ट्झ घेतले. त्यानंतरही निम्म्याहून अधिक पट्टा पडूनच राहिला.

म्हणजे गावांसाठी सर्वांत उपयोगी पट्टा सहा वर्षे रिकामा राहिला आणि अखेर पहिल्या किमतीच्या जेमतेम एक तृतीयांश भावाने विकला गेला. कंपन्या तेव्हा कर्जात होत्या आणि या पट्ट्यावर चालणारे फोनही कमी होते, हे खरे. पण मग तो विकायची योग्य वेळ कोणती, हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता.

स्पेक्ट्रम कोळशासारखा नाही. कोळसा आज खणला नाही तर उद्या खणता येतो. आज न वापरलेली लहर मात्र उद्यासाठी शिल्लक राहत नाही. ती वाया जाते, कायमची.

किंमत एवढी चढी का ठेवली गेली?

याचे मूळ टूजी प्रकरणात आहे. २००८ मध्ये परवाने २००१ च्या दराने दिले गेले. महालेखापरीक्षकांनी २०१० मध्ये १.७६ लाख कोटींच्या संभाव्य नुकसानीचा आकडा मांडला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. पुढे २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, पण प्रशासनाने घ्यायचा तो धडा घेतला होता. स्वस्तात दिले तर चौकशी लागते. विकलेच गेले नाही तर कोणी विचारत नाही.

लिलाव हा पारदर्शक मार्ग आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. मात्र बाजारात मोजकेच ग्राहक उरले असताना बोली फारशी चढत नाही. बहुतेक पट्टे राखीव किमतीलाच जातात किंवा जातच नाहीत. २०२४ च्या लिलावात सुमारे १०,५२२ मेगाहर्ट्झ मांडले होते. विकले गेले १४१.४.

मग आराखडा नाहीच का?

राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखडा आहे. पण कोणता पट्टा कोणत्या सेवेसाठी, एवढेच तो सांगतो. तो कधी मोकळा होईल आणि कधी लिलावात येईल, हे सांगत नाही. अनेक पट्टे संरक्षण दले, अंतराळ विभाग आणि प्रसारण यांच्याकडे आहेत. ते रिकामे करायचे तर यंत्रणा बदलावी लागते आणि त्याला वर्षे लागतात. फाइव्हजीच्या पट्ट्याची शिफारस ट्रायने २०१८ मध्येच केली होती, लिलावाला २०२२ उजाडले.

२०३० पर्यंत सुमारे २,००० मेगाहर्ट्झ लागतील आणि हाती ९०० च्या आसपास आहेत, असे केंद्र सरकारनेच २०२५ मध्ये सांगितले. त्यातले ६८७ मेगाहर्ट्झ टप्प्याटप्प्याने मोकळे करायला मान्यताही मिळाली. हे पाऊल चांगले आहे. पण ते एका घोषणेपुरते राहू नये.

घाई कशासाठी?

२०१० च्या थ्रीजी लिलावातील स्पेक्ट्रमची २० वर्षांची मुदत २०३० मध्ये संपते. तो पुन्हा कोणत्या दराने आणि कोणाला मिळणार, हे माहीत नसेल तर कोणतीही कंपनी दुर्गम भागात टॉवर उभारताना हात आखडता घेणार. त्याच सुमारास सिक्सजीची तयारीही सुरू असेल.

उपाय काय?

ऑस्ट्रेलियाचा दूरसंचार नियामक पुढील पाच वर्षांच्या स्पेक्ट्रम नियोजनाचा अंदाज दरवर्षी जाहीर करतो. भारताने दहा वर्षांचे वेळापत्रक जाहीर करून ते दरवर्षी सुधारावे. कोणता पट्टा, कोणाकडून, कधी मोकळा होणार आणि मुदत संपणाऱ्या स्पेक्ट्रमचे काय होणार, हे त्यात असावे. न विकल्या गेलेल्या पट्ट्याची राखीव किंमत वर्षभरात फेरतपासणे बंधनकारक असावे.

आणि महालेखापरीक्षकांनी एक रकाना वाढवावा. स्वस्तात दिल्याने बुडालेल्या महसुलाचा हिशेब होतो, तसाच वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या स्पेक्ट्रमचाही व्हावा. पहिल्या चुकीचा जाब विचारला जातो, दुसरीचा नाही. तोवर अधिकारी दुसरी चूकच निवडणार, आणि रेंजसाठी टेकडीवर चढणे गावकऱ्यांच्या नशिबी राहणार.