नकाशावरचे ठिपके मुलांना वाचू द्या

जैवविविधतेचा प्रकल्प म्हटलं की आजही चित्रं कापून चिकटवली जातात. माझं मत स्पष्ट आहे, आठवी-नववीच्या मुलांना खऱ्या नोंदी हाताळू द्याव्यात. जीबीआयएफकडे जगभरच्या सजीवांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. पायथॉनमधली पायजीबीआयएफ ही लायब्ररी घेतली की चार-पाच ओळींत काम होतं. शेकरूचं शास्त्रीय नाव राटुफा इंडिका, देश भारत, एवढं विचारायचं. एका वेळी जास्तीत जास्त 300 नोंदी मिळतात, पुढच्या हव्यात तर ऑफसेट वाढवायचा. (आपोआप येतील म्हणून बसू नका!) मोठा संच उतरवायला मोफत खातं लागतं. त्या संचाला डीओआय क्रमांक मिळतो, म्हणजे माहिती कुठून घेतली ते नेमकं लिहिता येतं. "गूगलवरून घेतली" हे तरी थांबेल.

पण खरी गंमत नकाशा काढल्यावर आहे. मूल पटकन म्हणतं, "आपल्या तालुक्यात शेकरू नाहीच." नाही कसं? ठिपका नाही याचा अर्थ कदाचित इतकाच, की तिथे कुणी नोंद केलेली नाही. भीमाशंकरला कॅमेरे घेऊन माणसं जातात, आपल्या डोंगरावर कोण जातं? हा फरक फळ्यावर सांगून कळत नाही, रिकामी जागा बघून कळतो. मग मुलांनी गावातल्या जाणत्यांना विचारावं, मोठ्यांसोबत रानात जावं आणि फोटोसह नोंद आयनॅचरलिस्टवर टाकावी. ओळख पक्की झाली आणि परवाना खुला ठेवला, तर ती जीबीआयएफमध्ये जाते.