एकोणपन्नास दिवस, सतरा तास

गेल्या महिन्यांत संकष्टीच्या रात्रीं आमच्या घरीं जें घडलें तें वाचकांस सांगावें कीं न सांगावें, याचा मीं पुष्कळ विचार केला. घरची गोष्ट चारचौघांत मांडूं नये हें खरें. पण त्या रात्रीं बाजू लंगडी पडली ती माझी, आणि स्वतःची फजिती सांगण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं.

आम्ही मोशीस राहतों. इंद्रायणीकाठचें हें गांव आतां नांवापुरतेंच गांव उरलें आहे. नाशिक रस्त्याच्या बाजूस उंच इमारती उठल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक खिडक्यांचे दिवे चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणें लागतात व मालवतात. आमची सूनबाई अशाच एका कारखान्यांतील यंत्रांस काय करावयाचें त्याच्या आज्ञा लिहून देते. यासच सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात. त्या दिवशीं चंद्रोदय झाला, आरती झाली, माझ्या पत्नीनें मोदकांचें ताट झांकून ठेवलें. सूनबाईचा पत्ता नाहीं. "आई, तुम्ही जेवून घ्या," एवढाच निरोप. सासूनें सुनेवांचून उपास सोडला नाहीं. मला उपास नव्हता. तेव्हां मी जेवलों आणि रागावून बसलों.

रात्रीं पावणेतीनला कुलपांत किल्ली फिरली. घर मोठें कीं कारखाना मोठा, अशा अर्थाचीं दोन वाक्यें मीं तयारच ठेविलीं होतीं, तीं बोलून टाकलीं. तिनें तीं शांतपणें ऐकून घेतलीं आणि म्हणाली, "बाबा, उद्यां एका माणसाची नोकरी जाणार होती."

हकीगत अशी. तेथील एक यांत्रिक हात मधूनच जागच्या जागीं थिजे. वीज बंद करून पुन्हां दिली कीं, जसें कांहीं झालेंच नाहीं असा कामाला लागे. मग तपासणार काय? लागोपाठ दोन वेळां हें घडलें तेव्हां पाळीवर एकच कंत्राटी कामगार होता. तो डुलक्या घेतो, भलतीं बटणें दाबतो, असा बोभाटा झाला. दोन दिवसांची मजुरी कापली गेली आणि पुढें चौकशी नेमली गेली. जुन्या मंडळींचें मत निराळें होतें. खंडेनवमीस झेंडूची माळ पडली कीं पुढें बरेच दिवस यंत्र शहाण्यासारखें वागतें, असा त्यांचा अनुभव.

सूनबाईनें नोंदवही काढली. वीज दिल्याची वेळ आणि हात थिजल्याची वेळ यांमधील अंतर प्रत्येक खेपेस ४९ दिवस, १७ तास आणि वर दोन-तीन मिनिटें! खंडेनवमीचें रहस्यही उलगडलें. त्या दिवशीं पूजेसाठीं यंत्र बंद करीत, म्हणजे मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होई.

कसली मोजणी? यंत्राच्या पोटांत एक घड्याळ असतें. तें सेकंदाचे हजार भाग करून एकेक भाग मोजतें. तो आंकडा ठेवण्यास जागा बत्तीस घरांची, आणि प्रत्येक घरांत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. अशा जागेंत ४,२९,४९,६७,२९६ मोजण्या झाल्या कीं आंकडा शून्यावर येतो. जुन्या मोटारींतील मैलांचा आंकडा ९९,९९९ नंतर येई तसा. हिशेब केला तर हे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटें व ४७ सेकंद भरतात. आज्ञेंत लिहिलें होतें: अमुक आंकडा झाला कीं हात उचलावा. तो आंकडा एकदां मर्यादेपलीकडचा निघाला, घड्याळ शून्यावर आलें, आणि बिचारा हात कधींच न येणाऱ्या मुहूर्ताची वाट पाहत उभा राहिला.

हें सिद्ध करण्यास पन्नास दिवस कोठून आणावे? चौकशी तर सकाळीं. तिनें मोजणीचा आंकडा मर्यादेच्या दोन मिनिटें अलीकडे लावून दिला आणि पाहत बसली. दोन मिनिटांनीं हात थिजला. तें सांगतांना, सबंध दिवसाची उपाशी ती मुलगी, लहान मूल हंसावें तशी हंसली. दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची: 'किती वाजले' असें न विचारतां 'निघाल्यापासून किती वेळ गेला' असें विचारावयाचें, ती वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते. पण ती ओळ पुनःपुन्हां तपासतां तपासतां दोन वाजले.

ही चूक मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे. विंडोज ९५ घातलेलें संगणक याच ४९ दिवसांनंतर अडकून पडत. बोइंग ७८७ विमानाची वीज २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास वीज पुरविणारी यंत्रणाच बंद पडूं शकेल, म्हणून ती अधूनमधून बंद करावी, असा हुकूम अमेरिकेच्या विमान-खात्यास २०१५ सालीं काढावा लागला.

मला मात्र आपले गणेश दैवज्ञ आठवले. कोंकणांतील नांदगांवच्या या ज्योतिष्यानें शके १४४२ (सन १५२०) मध्यें 'ग्रहलाघव' रचलें. दिवसांची संख्या वाढत वाढत अवजड होते, म्हणून त्यानें ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें, एक चक्र धरलें. चक्र पुरें झालें कीं मोजणी नव्यानें सुरू. पण किती चक्रें गेलीं तें वेगळें मांडावयाचें आणि हिशेबांत घ्यावयाचें. हें मीं तिला सांगितलें, कांहींसें ऐटीनेंच.

"त्यांना ठाऊक होतें कीं आपली मोजणी मोठी होणार," ती म्हणाली. "आमच्याकडे ज्यानें लिहिलें त्याला वाटलें असेल, पन्नास दिवस अखंड यंत्र कोण चालवतो?"

तोंवर पत्नीनें मोदक गरम केले होते. तीन वाजून गेले. दोघींनीं उपास सोडला. मींही आपलें पान मांडून घेतलें, तें कोणीं विचारलें नाहीं.

चौकशी रद्द झाली. त्या कामगारास 'आमचें चुकलें' असें मात्र कोणी म्हटलें नाहीं, आणि कापलेली मजुरी अद्याप मिळावयाची आहे. तिच्यासाठीं सूनबाईचीं दोन पत्रें कचेरींत जाऊन पडलीं आहेत. दुरुस्तीनंतर वीज दिली त्या दिवसापासून मोजून तिनें भिंतीवरच्या कालनिर्णयांत एका तारखेभोंवतीं तांबडें वर्तुळ काढलें आहे. त्या रात्रीं ती यंत्रापाशीं असणार. डबा दोघांचा द्यावा लागेल, असें पत्नीनें आतांच सांगून ठेविलें आहे. त्या रात्रीं पाळी त्याच कामगाराची आहे.